काळी तीनच्या जरा वर

शुक्रवार, गाडीत

बांद्रा टर्मिनसहून दुपारी सुटणाऱ्या जोधपूरच्या गाडीत अर्धा डबा घरी निघालेल्या मारवाड्यांचा असतो. त्यात लग्नसराई. ट्रंका, मिठाईचे खोके, नव्या साड्यांच्या पिशव्या आणि मधे आमची चार वाद्यं. दोन्ही व्हायोलिनं आणि माझा व्हायोला वरच्या बर्थवर उशाशी मावले. चेलोची पेटी मात्र माणसाएवढी. ती साइड लोअरवर आडवी केली आणि तिचा मालक रात्रभर तिच्या कडेला पाय दुमडून पडला. समोरच्या काकांनी विचारलं, "यात मूर्ती आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांचा जरा हिरमोडच झाला.

आम्ही चौघं, म्हणजे एक स्ट्रिंग क्वार्टेट. पहिलं व्हायोलिन म्हापशाचं, दुसरं दादरचं, व्हायोला पुण्याचा (म्हणजे मी), आणि चेलोवाला मूळचा हॅम्बुर्गचा, आता मुंबईत शिकवतो. निघालो होतो जैसलमेरकडच्या एका गावात, मांगणियार गवयांबरोबर आठवडाभर बसायला. शेवटी एक छोटी बैठक करायची, एवढंच ठरलेलं.

असले मेळ नवे नाहीत. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन 1952 मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले, आणि 1966 मध्ये इंग्लंडमधल्या बाथच्या महोत्सवात रविशंकरांबरोबर वाजवायला बसले. पुढच्या वर्षी निघालेल्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमीही मिळालं. त्याच्याही आधी, 1958 मध्ये, माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर बांधलेलं वाद्यवृंदाचं संगीत सादर केलं होतं. आमच्या म्हापशेकराच्या आजोबांची पिढी ती. चर्चच्या शाळेत सोल्फा (म्हणजे पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकायचं, मुंबई गाठायची आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसायचं. अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेटनं तर 2005 मध्ये आर. डी. बर्मनची गाणी आशा भोसल्यांना घेऊन पुन्हा केली. पण मला त्यांचं सर्वांत जास्त भावलेलं काम मालीतल्या त्रिओ दा काली या तिघांबरोबरचं, 2017 चं. ते तिघं ग्रिओ घराण्यातले. ग्रिओ म्हणजे पिढ्यानपिढ्या यजमानाची वंशावळ गाणारे. मांगणियारही तेच करतात.

यातलं बरंच काही ऐकताना एक गोष्ट मात्र टोचते. पारंपरिक गायक वरून गातो आणि खाली व्हायोलिनं लांबलचक, गुळगुळीत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, अंथरतात. गाणं गालिच्यावर उभं केल्यासारखं दिसतं, पण त्याच्या पायांना जमीन लागत नाही. आपल्याला ते करायचं नाही, यावर चौघांचं एकमत होतं. मग करायचं काय, यावर अबू रोड येईपर्यंत वाद चालला. मध्यरात्र उलटून गेली होती. फलाटावरची रबडी आली आणि वाद तिथंच थांबला.

शनिवार, जोधपूर

स्टेशनवर उतरताच हवा नाकाला कोरडी लागली. आमच्यासाठी ही गंभीर बाब. लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात, वाद्याचे सांधे उकलतात. म्हापशेकरानं भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज भरून ती व्हायोलिनच्या पेटीत ठेवली. गोव्यात बुरशी आणि इथं भेगा, माझ्या व्हायोलिनचं नशीबच असलं, म्हणाला.

दुपारी शहराबाहेर मोकलावासला 'अरना झरना' बघायला गेलो. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्या कल्पनेतलं हे वाळवंटाचं संग्रहालय. आत काय, तर मुख्यतः झाडू! कुठल्या गवताचा, कुठल्या पिकाच्या भागातला, कुणी बांधलेला, आतला, अंगणातला, खळ्यावरचा. एका झाडूतून माती, पाऊस, पीक आणि जात सगळं कळतं, हा कोठारींचा विचार. लोक त्यांना कोमलदा म्हणत. 1960 मध्ये लेखक विजयदान देथांच्या साथीनं त्यांनी बोरुंद्याला रूपायन संस्थान काढलं. लंगा आणि मांगणियार गवई आज जगभरच्या रंगमंचांवर दिसतात, त्यामागे या माणसानं गावोगाव हिंडून केलेली ध्वनिमुद्रणं आहेत. 2004 मध्ये ते गेले. आमच्या बैठकीचा धागा जुळला तोही त्या जुन्या ओळखींतूनच.

संध्याकाळी मिर्चीवडा. चेलोवाल्यानं दोन खाल्ले आणि नंतर बराच वेळ काही बोलला नाही.

रविवार, रस्त्यावर

जोधपूर ते जैसलमेर जेमतेम तीनशे किलोमीटर, पण रस्ता सरळसोट. खेजडी, केर, मधेच रोहिडा, पोखरणनंतर झाडं विरळ आणि जैसलमेर जवळ आलं की क्षितिजभर पवनचक्क्या. वाटेत हमीरा गावाची पाटी लागली. कमायचा या गजानं वाजवायच्या वाद्याचे थोर वादक साकर खाँ इथले. 2012 मध्ये पद्मश्री मिळाली, 2013 मध्ये गेले. गाडी थांबवली नाही, काचेतूनच बघितलं.

मुक्काम किल्ल्याच्या बाहेर. 1156 पासूनचा हा किल्ला अजून नांदता आहे, आत माणसं राहतात, हॉटेलंही आहेत. पण वापराचं पाणी जमिनीत मुरून तटाच्या पायाला धोका होतो, म्हणून आम्ही खालीच उतरलो.

सोमवार, गावात

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा. या प्रवासाचा खरा दिवस हाच.

गाव जैसलमेरपासून आत, पिवळ्या दगडाची घरं, अंगणात एक खाट आणि सावलीला शेळ्या. घरातले मोठे खाँसाहेब कमायचा वाजवतात, धाकटे भाऊ गातात, पुतण्या ढोलक वाजवतो आणि दहा-बारा वर्षांचा नातू खडताल. "खम्मा घणी, हुकम," असं म्हणत सगळ्यांचं स्वागत झालं. त्या हुकममध्ये नोकराचा भाव अजिबात नाही. आपल्याकडं 'राव' म्हणतात तितक्या सहज ते येतं.

चहा झाला आणि खाँसाहेबांनी कमायचा गवसणीतून काढला. आंब्याच्या लाकडाचं गोल, मोठ्या कटोऱ्यासारखं पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं, रुंद दांडी. तारा सतरा. त्यांतल्या मुख्य तारा आतड्याच्या, तरफा, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा, पोलादी. गज घोड्याच्या केसांचा. आमच्या व्हायोलिनलाही विसाव्या शतकापर्यंत आतड्याच्याच तारा होत्या. पोलादी आणि पेरलॉनच्या (एक कृत्रिम धागा) नंतर आल्या. चेलोवाल्याकडं एक आतड्याची तार जादा होती. ती खाँसाहेबांनी अंगठा आणि तर्जनीत धरून पीळ उलगडून पाहिला, दातांनी हलकेच दाबली आणि "बकरा नहीं है," म्हणाले. बरोबर होतं, पाकिटावर मेंढी लिहिलेली होती. त्यानंतर चेलोवाला खाँसाहेबांच्या शेजारून उठला नाही.

मग सूर लावायची वेळ आली आणि दिवसाचा मुख्य पेच उभा राहिला.

गाणाऱ्यांचा षड्ज होता काळी तीनच्या, म्हणजे बाजाच्या पेटीवरच्या तिसऱ्या काळ्या पट्टीच्या, जरा वर. बरोबर काळी तीनही नाही. पट्टी मोजायला पेटी तिथं नव्हतीच. आमच्या मोबाइलच्या ट्यूनरचा काटा दोन खुणांच्या मधे डुगडुगत राहिला. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. काळी तीनमध्ये त्यांतली एकही मोकळी वाजत नाही. सगळं बोटांनी दाबून वाजवायचं म्हणजे आवाज बंद, कोंदट. मोकळी तार वाजते तेव्हाच आमचं लाकूड बोलतं.

नेहमीच्या महोत्सवात अशा वेळी काय होतं, मला माहीत आहे. आयोजकांचा माणूस गवयाला म्हणतो, जरा अर्धा स्वर वर घ्या, साहेबांना सोपं जाईल. गवई घेतोही. मग त्याला तार सप्तकात ओरडावं लागतं, आणि तरफांचं पुन्हा जुळवणं अर्धा तास चालतं.

दादरच्या आमच्या सखीनं साधा हिशेब मांडला. त्यांच्या सतरा तारा, आपल्या चार. उतरायचं कुणी? आपण. चारी वाद्यांच्या चारी तारा अर्ध्या स्वराला जरा कमी इतक्या उतरवल्या. ट्यूनर बंद केला आणि खाँसाहेबांच्या षड्जाला कान लावून जुळवलं. आता व्हायोलिनच्या खालच्या दोन आणि व्हायोला-चेलोच्या मधल्या दोन मोकळ्या तारा थेट सा आणि प झाल्या. चौघांनी मिळून नुसता सा-प ओढला तेव्हा कमायच्याच्या तरफा आपसूक घुमल्या. खाँसाहेबांनी गज खाली ठेवला आणि नातवाला हाक मारून म्हणाले, ये, ऐक. तार सैल झाल्यानं आमचा आवाज थोडा खरखरीत झाला होता. तो कमायच्याच्या आवाजाला जास्त जवळचा होता.

जेवणात बाजरीचा सोगरा, केर-सांगरी, लसणाची चटणी आणि ताक. चेलोवाल्यानं ताकाचे चार पेले रिचवले.

दुपारी पहिलं गाणं काढलं, राग सोरठ. ऐकायला आपल्या देसच्या अंगाचा. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. चेलोवाल्यानं मुंबईहून मांडणी लिहून आणली होती, देखणी, कॉर्डसकट. दोन ओळी झाल्या आणि त्यानं स्वतःच कागद उलटा ठेवला. अडचण अशी की शुद्ध निषाद आला की आमच्या कानाला वाटतं, आता सा वर यायचंच, आणि कॉर्ड तिकडं ढकलायला लागते. गायकाला मात्र त्या निषादावर रेंगाळायचं असतं, तिथून परत वळायचं असतं. खालून कुणी ढकललं की ते वळण जातं.

म्हणून कॉर्ड सोडल्या. चेलो आणि दुसरं व्हायोलिन सा-प धरणार, पण एकाच वेळी गज बदलायचा नाही. एकाचा संपत आला की दुसऱ्याचा मधूनच सुरू, म्हणजे सांधा दिसत नाही. मी ढोलकबरोबर बोटांनी तार छेडणार. आणि म्हापशेकर गायकाच्या मागून, अर्धा श्वास उशिरा, तो जे म्हणेल ते धरणार. सारंगीवाला करतो तसं. त्याला सर्वांत जड गेलं ते व्हायब्रेटो थांबवणं. लहानपणापासून डावा हात हलवायला शिकलेला माणूस. स्वर लांबला की बोट आपोआप कापायला लागतं. गायक हसून स्वतःचं मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरून दाखवायचा. आपल्याकडं गजाननराव जोशी, डी. के. दातार यांनी हेच वाद्य मांडी घालून, गायकी अंगानं वाजवलं. ती वाट आम्हाला रेकॉर्ड ऐकून माहीत होती. पण हाताला माहीत असणं वेगळं.

मंगळवार

आजचं भांडण सुरुवातीचं. गाण्याआधी दोहा येतो, तालाशिवाय, मोकळा. कधी दोन ओळी, कधी चार. तो संपतो कुठं आणि ताल पडतो कुठं, हे आम्हाला कळेना. चेलोवाल्यानं विचारलं, "किती मात्रा मोजायच्या?" गायकानं तितक्याच प्रामाणिकपणे विचारलं, "कशाच्या?"

उत्तर शेवटी पोरानं दिलं. खडताल म्हणजे शिसवी लाकडाच्या नुसत्या चार पट्ट्या, प्रत्येक हातात दोन, घुंगरू-झांजा काही नाहीत. दोहा संपत आला की त्याचे खांदे किंचित वर जातात आणि पट्ट्या बोटांत फिरायला लागतात, आवाज न करता. मग आजोबांकडं एक नजर, आणि पुढच्या क्षणी ताल. आम्ही कागदावरची नजर काढून पोराच्या खांद्यांवर ठेवली. चार-पाच वेळा चुकलो, मग जमायला लागलं. क्वार्टेटमध्येही पहिल्या व्हायोलिनच्या श्वासावरच तर सगळे सुरू करतात. इथं श्वास पोराचा, एवढाच फरक.

संध्याकाळी गावातल्या भाटी राजपूत घरातले एक वयस्क गृहस्थ आले. हे खाँसाहेबांचे जजमान. ते दारात दिसताच धाकटे भाऊ उठले आणि खड्या आवाजात शुभराज म्हणायला लागले, पूर्वजांची नावं एकामागून एक. मांगणियार मुसलमान, जजमान बहुतेक हिंदू. त्यांच्याकडं मूल जन्मलं, लग्न झालं, की गाणं यांचं आणि नेग, म्हणजे बिदागी, यांचा हक्काचा. यांच्याकडं कृष्णाची भजनंही आहेत आणि सिंधी सूफी कवी शाह लतीफांचा कलामही, आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नाही. पर्यटकांना फक्त 'केसरिया बालम' हवं असतं. ते बिकानेरच्या अल्लाह जिलाई बाईंनी घरोघरी पोचवलं, पण इथल्या भांडाराचा तो एक कोपरा.

जजमान गेल्यावर खाँसाहेबांनी एक जुनी चाल सांगितली. जजमानानं फारच अपमान केला तर मांगणियार त्याच्या दारासमोर स्वतःची पगडी आणि वाद्याच्या तारा पुरून निघून जायचा. नातं तुटलं. मग त्या घराकडं दुसरा कोणी मांगणियारही फिरकत नसे, आणि ती नाचक्की राजपुताला परवडत नसे.

मी विचारलं, आता असं कुणी करतं का? ते म्हणाले, आता अपमान करणारा दिल्ली-मुंबईत असतो. एका मोठ्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर परदेशी वादकांची नावं, फोटो, शिक्षण सगळं छापलं होतं आणि खाली एक ओळ, 'आणि राजस्थानी लोककलावंत'. मानधनातही तसाच फरक. "तिथं तारा कुठं पुरू, हुकम? लॉबीत फरशी आहे."

सगळे हसले. हसून झाल्यावर आम्ही कागद घेतला आणि परवाच्या बैठकीची पत्रिका लिहिली. आठही नावं एका मापात, वयाच्या क्रमानं. पैसे आठ समान भागांत. पोराचाही एक भाग. त्यावर त्याच्या काकांनी थोडी कुरकुर केली, आजोबांनी गप्प केलं.

बुधवार

वारा आणि धूळ. तालीम अर्धीच. माझ्या व्हायोलाची एक खुंटी इतकी आकसली की तार धरेना. खाँसाहेबांनी चिमूटभर खडूची भुकटी लावून ती बसवली. आम्हीही घरी हेच करतो. दुपारभर सगळे झोपले.

गुरुवार, बैठक

गावच्याच एका वाड्याच्या चौकात, सतरंज्या घालून. माइक नको, हे आमचं ठरलेलं. माइक आला की कमायचा हमखास मागं पडतो आणि व्हायोलिन पुढं येतं. साठ-सत्तर माणसं, बहुतेक बायका जाळीमागं, पोरं भिंतीवर. आम्ही चौघंही खाली बसलो. व्हायोलिनवाल्यांना जमतं, चेलोला नाही. चेलोवाला वीटभर उंचीच्या पाटावर, पाय दोन बाजूंना, असा बसला की पुढच्या रांगेतल्या आजीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आधी आम्ही एकट्यांनी हायडन या पाश्चात्त्य संगीतकाराचा एक संथ भाग वाजवला, त्याच उतरलेल्या तारांवर. शांतपणे ऐकला लोकांनी. शेवटी एकानं मोठ्यानं विचारलं, "आणि गाणारा कधी येणार?" रास्त प्रश्न होता.

मग सोरठ. दोहा त्या दिवशी लांबला, सहा ओळींचा झाला, तालमीत कधीच इतका नव्हता. मला घाम फुटला. पोराचे खांदे वर गेले आणि आठही जण एकत्र पडलो. मधे एका जागी गायक कोमल निषादावर थांबला आणि म्हापशेकरानं तो अर्धा श्वास उशिरा धरला, हात न हलवता. गायकानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं आणि तीच जागा पुन्हा घेतली, थोडी वेगळी. पुन्हा धरली. असं चार वेळा चाललं. भिंतीवरची पोरं "वाह" म्हणायला लागली, तेवढ्यात ढोलकवाल्यानं लय वाढवून दोघांनाही ओढत पुढं नेलं. नंतरच्या जलद गाण्यात आमचा ताल एकदा सुटला. माझं छेडणं सम सोडून भलतीकडं गेलं आणि ढोलकनं एक आवर्तन जादा घेऊन मला आत घेतलं. श्रोत्यांना कळलं की नाही कोण जाणे. जजमानांना नक्की कळलं. त्यांनी माझ्याकडं बघून बोट हलवलं.

नेग त्यांनी आठही जणांना वेगवेगळा दिला. चेलोवाल्यानं नोट कपाळाला लावली. हे त्याला कुणी शिकवलं, कळलं नाही.

शुक्रवार, निघताना

चहावर पुढचं बोलणं झालं. पुण्यात आणि पणजीत असे दोन कार्यक्रम करायचे. मी ऑगस्ट सुचवला, सभागृह तेव्हा स्वस्त मिळतं. खाँसाहेबांनी साफ नकार दिला. ओल आली की कातडं ढिलं पडतं आणि आतड्याची तार सूर सोडते. एकदा पावसाळ्यात मुंबईत कमायचा भाकरीसारखा हॅलोजनच्या दिव्यासमोर शेकत बसावं लागलं होतं. डिसेंबर म्हणाले, पोराची परीक्षा टाळून. पणजीची हवा डिसेंबरात कशी असते, हे म्हापशेकरानं शपथेवर सांगितलं.

मग खाँसाहेबांनी विचारलं, तुमच्या सभागृहात एसी बंद करता येतो का? चेलोवाला म्हणाला, गेली वीस वर्षं तोही हाच प्रश्न विचारतोय. दादरच्या सखीनं वहीत दोन गोष्टी टिपल्या, एसी आणि पत्रिकेवरची नावं, आणि सभागृहाच्या व्यवस्थापकाला गाडीत बसायच्या आधीच फोन लावला. त्यानं एसीचं विचारून सांगतो म्हटलं. नावांचं काय, तर आठ नावं पोस्टरवर मावणार नाहीत. "मग पोस्टर मोठं करा," ती म्हणाली, आणि पुढचं बोलणं रेंज जाईपर्यंत चाललं.